सेल्फीवरून एआय हेडशॉट: फोटो देखणा येतो, पण माणूस चुलतभाऊ वाटतो. उपाय?

लंबक
कामाच्या प्रोफाइलला लावण्याजोगा नीटस फोटो हवा आणि हाताशी फक्त सेल्फी, अशा वेळी एआय साधनांचा खरा उपयोग कितपत होतो? जाहिराती म्हणतात ‘दहा सेल्फी टाका, शंभर हेडशॉट घ्या’. शंभर निघतातही, पण त्यातले नव्वद कुणा नातेवाइकाचे वाटतात. नेमके प्रश्न असे:
१) सेल्फी किती आणि कसले द्यावेत?
२) पंधरा-वीस फोटो मागणारी साधनं आणि एका फोटोवर काम करणारी साधनं, यांत फरक काय?
३) चेहरा बदलतो तो का? थांबवता येतो का?
४) असा फोटो कुठे चालतो, कुठे नाही?
‘मस्त निघतो, करून बघा’ एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको.

निवांत_कावळा
मस्त निघतो. करून बघा.

पिक्सेलबुवा
कावळेबुवांना नमस्कार करून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीची उत्तरं त्यावरच लटकलेली आहेत.

पंधरा-वीस फोटो मागणारी साधनं चित्र रंगवणाऱ्या एआय मॉडेलला तुमचा चेहरा शिकवतात. मूळ कल्पना ड्रीमबूथची: गूगल रिसर्च आणि बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेली. थोड्या फोटोंवरून मॉडेलला एक नवा, निरर्थक शब्द शिकवायचा आणि त्या शब्दाचा अर्थ ‘हा माणूस’. सगळं मॉडेल हलवण्याऐवजी त्यावर छोटीशी भर चढवायची पद्धत म्हणजे लोरा. ती २०२१ मध्ये भाषेच्या मॉडेलांसाठी निघाली होती, चित्रांकडे नंतर आली.

एका फोटोवर चालणाऱ्यांत तीन जाती आहेत, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली, इन्स्टंटआयडीसारखी. ती चेहरा ओळखणाऱ्या नेटवर्ककडून ५१२ आकड्यांचा एक संच काढून घेते आणि त्याच्या आधारानं नवा चेहरा रंगवते. आता गंमत बघा. तो संच बनवलेला असतो चष्मा, दाढी, उजेड बदलला तरी माणूस तोच हे कळावं म्हणून. म्हणजे बारीक खुणांकडे दुर्लक्ष करायलाच त्याला शिकवलेलं आहे. गालावरचा तीळ, भुवईतली खाच तिथे गळते. दुसरी जात गप्पांमधून सूचना घेणारी: ‘कोट घाल, मागचं काढ’. यातली बहुतेक साधनं दर वेळी सगळं चित्र नव्यानं रंगवतात, चेहऱ्यासकट. तिसरी जात म्हणजे मास्क लावून (बदलायचा भाग ब्रशनं रंगवून) काम करणं, इनपेंटिंग: तेवढाच भाग बदलतो, बाकी पिक्सेल जसेच्या तसे.

चेहरा जपायचा असेल तर माझं मत सरळ तिसरीला.

फोकस_गेला
म्हणजे चेहरा सोडून बाकी सगळं एआयला द्यायचं. कोट त्याचा, टाय त्याचा. मुलाखतीच्या दिवशी गाठ कोण मारणार पण?

खिडकीपाशी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सेल्फी देऊच नका. सांगते का ते.

नाक मोठं आणि कान गायब, हा दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. हातभर अंतरावरून नाक कॅमेऱ्याच्या जेवढं जवळ असतं, त्या मानानं कान बरेच लांब पडतात. २०१८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय प्रकाशनाच्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात याचं गणित आलं होतं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा खालचा भाग ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. हेडशॉट काढणारा माणूस दीड-दोन मीटर लांब उभा असतो. तुम्ही एआयला हातभरावरचा चेहरा देता आणि दोन मीटरवरचा मागता. मधलं सगळं ते अंदाजानं भरतं. कान तर निव्वळ कल्पनेनंच, कारण बहुतेक सेल्फींत ते गालाआड गेलेले असतात.

म्हणून:
फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला. मागचा कॅमेरा, लेन्स पुसून. अंतर दीड मीटर, झूम २ पट असेल तर उत्तम. टायमर १० सेकंद. ३ सेकंदांत माणूस खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच फोटो निघतो.
खिडकीकडे तोंड करून नव्हे, खिडकी एका बाजूला सुमारे ४५ अंशांवर. थेट ऊन नको. घरातला दिवा बंद. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्ब पिवळा असला की अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. हे नंतर कुठलंही साधन धड निस्तरत नाही.
दुसऱ्या बाजूला सावली फार गडद वाटली तर तिथे पांढरा कागद किंवा चादर धरा.
पोर्ट्रेट मोड बंद. त्यातली धूसर पार्श्वभूमी खोटी असते, केसांच्या कडा खाऊन टाकते. ब्यूटी फिल्टरही बंद. काही फोनवर तो मूळचाच चालू असतो.
एक फोटो हातात पांढरा कागद धरून काढा. का ते पुढे कुणीतरी विचारेलच.

चष्मिष
कागद का?

खिडकीपाशी
त्वचेचा रंग पडताळायला. एआयच्या फोटोत त्वचा एक-दोन छटा उजळ होऊन येते, विशेषतः सूचनेत ‘व्यावसायिक’, ‘आकर्षक’ असले शब्द असले की. २०२३ मध्ये आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीनं व्यावसायिक फोटो मागितला, तर साधनानं तिला गोरी आणि निळ्या डोळ्यांची केलं होतं. बरीच चर्चा झाली होती त्यावर. कागद पांढरा दिसेपर्यंत त्या फोटोचा व्हाइट बॅलन्स नीट करा. मग रंगाच्या ड्रॉपरनं गालाचा, कपाळाचा रंग उचला आणि नव्या फोटोतल्या त्याच जागेशी ताडून बघा. नजरेवर विसंबू नका. चकचकीत पार्श्वभूमीशेजारी नजर हमखास फसते.

आडवाउभा
असहमत. एवढा खटाटोप करून खिडकीपाशी चांगला फोटो निघालाच, तर मग एआय हवं कशाला? मागची भिंत साधी असली की झालं काम.

पिक्सेलबुवा
आडवाउभा, तुमचं निम्मं पटलं. भिंत साधी आणि अंगात बरा शर्ट असेल तर एआयची गरज शून्य. पण मागे कपाट आणि अंगात टी-शर्ट असेल तर ते दोन तुकडे बदलायला एआय उत्तम आहे. चेहऱ्याला हात लावायचं मात्र कारण नाही.

मास्कची पद्धत इस्कटून सांगतो:
मास्क गळ्याच्या खालपासून. हनुवटीखालची सावली मास्कच्या बाहेर ठेवा. ती गेली की डोकं कोटावर चिकटवल्यासारखं दिसतं.
मास्कची कडा थोडी मऊ, हजार पिक्सेलच्या फोटोला १० ते २० पिक्सेल.
बदलाचा जोर, म्हणजे डिनॉइज, कपड्यांसाठी ०.७ ते ०.९ लागतो, नाहीतर टी-शर्टाचा गळाच कॉलरमधून डोकावत राहतो.
पार्श्वभूमी वेगळ्या फेरीत. दोन्ही एकदम नको.
पार्श्वभूमीवरचा उजेड खिडकीच्याच बाजूनं हवा. चेहऱ्यावर डावीकडून आणि भिंतीवर उजवीकडून उजेड आला की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं.

याउलट, मास्क न लावता पूर्ण फोटोच इमेज-टू-इमेजला (फोटोवरून सगळाच फोटो नव्यानं रंगवायला) दिलात तर ह्याच जोराच्या ०.३ च्या आसपास चेहरा बराचसा राहतो, पण कपडेही फारसे बदलत नाहीत. ०.६ च्या वर गेलात की चुलतभाऊ.

लंबक
हे पटतंय. पण गप्पांतून सूचना देणारी साधनं सगळ्यांत सोपी आहेत. तिथे काही करता येतं का?

शून्यमनस्क
येतं. दोन गोष्टी पाळा.

पहिली: एकावर एक सूचना देत बसू नका. कोट घाल, आता मागचं राखाडी कर, आता केस नीट कर, आता थोडं हसव... दर फेरीला चेहरा पुन्हा रंगवला जातो आणि आधीच्या चुकीवर नवी चूक बसते. पाचव्या फेरीला माणूस ओळखू येत नाही. काय काय हवं ते एकाच सूचनेत लिहा. चुकलं तर सूचना दुरुस्त करून मूळ फोटोपासून पुन्हा सुरू करा.

दुसरी: काय बदलायचं नाही ते नाव घेऊन लिहा. ‘चेहरा तसाच ठेव’ हे फार मोघम झालं. असं काहीतरी लिहा:

‘फक्त टी-शर्टच्या जागी गडद निळा साधा कोट आणि पांढरा शर्ट, टाय नाही. मागे फिकट राखाडी साधी भिंत. उजेड डावीकडून, मूळ फोटोसारखाच. डोळे, नाक, ओठ, जबडा, केसांची रेघ, पांढरे केस, डाव्या गालावरचा तीळ, त्वचेचा रंग आणि पोत यांत काहीही बदल नको. त्वचा गुळगुळीत करू नको. दात पांढरे करू नको. चौकट मूळ फोटोचीच.’

शेवटचं वाक्य विसरू नका. चौकट बदलली की डोक्याचा आकार बदलतो, आणि मग सगळंच.

निवांत_कावळा
पांढरे केस ठेवायला सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

शून्यमनस्क
कावळेभाऊ, ते तुमच्यावर. पण प्रत्यक्ष भेटीत समोरचा फोटोतल्या माणसाला शोधत बसेल.

टिंबटिंब
स्वतःच्या संगणकावर लोरा शिकवणाऱ्यांसाठी आकडे. २४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर निवांत, कमी असेल तर तडजोडी.

फोटो १५ ते २५. निम्मे खांद्यापर्यंतचे, काही पूर्ण चेहऱ्याचे, चार-पाच कमरेपर्यंतचे. दोन-तीन वेगवेगळ्या उजेडांत, निदान चार वेगवेगळ्या कपड्यांत. एकाच शर्टातले वीस फोटो दिलेत तर मॉडेल शर्टालाच तुम्ही समजतं आणि कोट मागितला तरी तोच शर्ट काढतं.
रेझोल्यूशन १०२४. रँक, म्हणजे लोराच्या भरीचा आकार, १६ पुरते, ३२ च्या वर चेहऱ्यासाठी फायदा दिसत नाही. लर्निंग रेट (शिकण्याचा वेग) ०.०००१. शिकवण्याच्या पायऱ्या फोटोमागे सुमारे १००, म्हणजे २० फोटोंना २०००. दर २५० पायऱ्यांना प्रत जतन करा. बहुतेकदा शेवटची प्रत उत्तम नसते; तिच्या आधीची एखादी असते.
प्रत्येक फोटोसोबत द्यायच्या वर्णनात जे बदलता यायला हवं ते लिहा: निळा शर्ट, खोली, बाजूनं उजेड. नाक, जबडा, तीळ यांचं वर्णन लिहू नका. लिहिलंत की मॉडेल त्यांना सुट्या, बदलण्याजोग्या गोष्टी मानतं.
वापरताना लोराचा जोर ०.८ ते १. त्वचा मेणासारखी आली तर गायडन्स (सूचना किती काटेकोर पाळायची तो आकडा) कमी करा. फ्लक्स या मॉडेलमध्ये ३.५ वरून २ ते २.५ वर आणलं की पोत बरा येतो. स्टेबल डिफ्यूजन या दुसऱ्या मॉडेलच्या जुन्या आवृत्त्यांत सीएफजी (तिथला तसाच आकडा) ८-१० ला नेलं की रंग जळतात.

सेटिंगमध्ये ‘आडवं उलटवून फोटो वाढवा’ असा पर्याय असतो, तो बंद करा. चेहऱ्यासाठी विष आहे.

चष्मिष
तो का बंद?

टिंबटिंब
कारण भांग डावीकडे असलेला आणि उजवीकडे असलेला, अशी दोन माणसं शिकवली जातात. तीळ दोन्ही गालांवर येतो किंवा कुठेच येत नाही. हाच घोळ फोनमुळेही होतो: काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा जतन करतात, काही सुलट. दोन फोनांवरचे सेल्फी एकत्र केलेत तर तपासून घ्या. शर्टावर काही अक्षरं असतील तर चटकन कळतं.

आडवाउभा
वीस कशाला, पन्नास-साठ द्या ना. जितके जास्त तितकं चांगलं, साधं गणित आहे.

टिंबटिंब
गणित तसं नाही. साठांत दहा हललेले, पाच गॉगलवाले आणि आठ फिल्टरवाले असतील तर मॉडेल तेही इमानदारीनं शिकतं. चांगले वीस पुरेत. अजून एक, मेसेजिंग ॲपवरून आलेले फोटो दाबून बारीक केलेले असतात. द्यायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि जुना फोटो नको, तीन वर्षांपूर्वीचा चेहरा मिसळला की सरासरी माणूस निघतो.

पिक्सेलबुवा
टिंबटिंब यांना दंडवत. तिसऱ्या प्रश्नातलं एक कारण राहिलं होतं. स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातली मॉडेलं चित्र थेट पिक्सेलांत रंगवत नाहीत. आधी ते आक्रसून घेतात, ८×८ पिक्सेलांचं एक घर. ५१२×५१२ च्या चित्राचा ६४×६४ घरांचा पट होतो. त्यात चेहरा १०० पिक्सेल रुंद असेल तर त्याच्या रुंदीच्या वाट्याला बारा-तेरा घरं, आणि एका डोळ्याला दोन-तीन. दोन-तीन घरांत नजर कुठे आहे ते काय डोंबल मावणार? म्हणून पूर्ण उभ्या फोटोत चेहरा बिघडतो आणि खांद्यापर्यंतच्या फोटोत बरा येतो. चेहऱ्यानं चौकटीच्या उंचीचा निदान तिसरा हिस्सा तरी घ्यावा.

‘चेहरा दुरुस्त करा’ या बटणाचंही सांगून टाकतो. त्यामागे बहुधा जीएफपीगॅन किंवा कोडफॉर्मर असतं. ती साधनं खराब झालेले जुने फोटो सावरायला चांगली. तुमच्या डोळ्यांच्या जागी ती एक छान, स्वच्छ आणि परका डोळा बसवतात. कोडफॉर्मरमध्ये एक पट्टी असते, ० ते १. ती १ कडे नेली की मूळ चेहऱ्याशी इमान वाढतं. शक्यतो दोन्ही टाळा. फक्त मोठं करायचं असेल तर चेहरा-दुरुस्ती बंद ठेवून रिअल-ईएसआरगॅनसारखं काही वापरा.

चष्मिष
चष्म्याचं कुणीच बोलत नाही म्हणून मीच लिहितो. ऋण नंबराच्या काचेतून चेहऱ्याची कडा आत सरकलेली दिसते. गालाची रेघ काचेपाशी तुटते आणि काचेच्या आत किंचित नाकाकडे दिसते. एआयनं रंगवलेल्या चष्म्यात ती रेघ सहसा सलग जाते, म्हणजे काचा बिननंबरी. ज्याला माहीत आहे त्याला लगेच कळतं. शिवाय दोन दांड्या वेगळ्या जाडीच्या, एका बाजूला नाकाचा टेकू आणि दुसऱ्या बाजूला नाही, असले प्रकार.
उपाय: चष्मा रोज लावत असाल तर मूळ फोटो चष्म्यासकटच काढा आणि तो भाग मास्कच्या बाहेर ठेवा. काचेवर खिडकी चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्या किंवा दांड्या कानांवर जराशा वर उचला. नंतर चमक काढायला एआयला सांगितलंत तर ते डोळाच नवा बसवतं.

फोकस_गेला
चष्म्याइतकंच कॉलरचंही. निकाल १०० टक्के मोठा करून बघा: दोन्ही लॅपल (कोटाच्या छातीवरच्या दुमडलेल्या पट्ट्या) एकाच उंचीवर खाचलेत का, बटणं एका रेषेत आहेत का, कोटाची कोणती बाजू वर आलीय. मग कानातले दोन्ही सारखे आहेत का. मग दात मोजा. हो, मोजाच.

मोकळी_चौकट
पडताळणीसाठी एक सोपी युक्ती. दीड मीटरवरून काढलेला मूळ फोटो आणि एआयचा फोटो दोन थरांत ठेवा, वरच्या थराची पारदर्शकता ५० टक्के. दोन्ही बाहुल्या एकमेकींवर बसवा. आता ओठांची रेघ, हनुवटी, कान जुळतात का ते दिसतं. हनुवटी टोकदार झालेली आणि डोळे मोठे झालेले असतील तर तिथेच कळतं. हातभरावरच्या सेल्फीशी मात्र ताडू नका, ते जुळणारच नाहीत.

आणि अंतिम निकाल स्वतः देऊ नका. आपल्याला आपला चेहरा आरशातला, उलटा, माहीत असतो. रोज भेटणाऱ्या माणसाला पाच फोटो दाखवा, ‘कुठला छान’ असं न विचारता ‘कुठला मी नाही’ असं विचारा.

लंबक
वाचनखूण साठवली. चौथा प्रश्न उरला: कुठे चालतो, कुठे नाही?

शून्यमनस्क
पासपोर्ट, व्हिसा, परवाना, परीक्षेचं ओळखपत्र: अजिबात नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या पासपोर्ट फोटोच्या सूचनांत सॉफ्टवेअर, फिल्टर किंवा एआयनं फोटो बदलू नका असं स्पष्ट लिहिलंय. तिथे फोटो माणूसच बघतो असं नाही, यंत्र मोजमाप ताडतं. डोळे जरा मोठे केलेले तुम्हाला शोभून दिसतील, यंत्राला नाही.
लिंक्डइनवर एआयनं केलेला किंवा सुधारलेला फोटो चालतो, अट एवढीच की तो तुमच्यासारखा दिसायला हवा. काही साधनं फाइलमध्ये सीटूपीएची (चित्र कसं बनलं ते सांगणारी) नोंद ठेवतात, गूगलची साधनं सिंथआयडीची न दिसणारी खूण उमटवतात. लिंक्डइन अशी नोंद असलेल्या चित्रावर छोटं चिन्ह दाखवू शकतं. तेव्हा कुणाला कळणार नाही या भरवशावर राहू नका.
बातमी, न्यायालय, वैद्यकीय नोंद इथे चेहऱ्याला हातही लावू नका.

खिडकीपाशी
फोटो चढवण्याआधी आणखी एक. शर्तींत तीन गोष्टी शोधा: फोटो किती दिवसांनी पुसतात, शिकवलेलं मॉडेलही पुसतात का (फोटो पुसले आणि मॉडेल ठेवलं तर चेहरा त्यांच्याकडेच राहिला), आणि तुमचे फोटो पुढच्या प्रशिक्षणाला वापरतात का. ‘खातं बंद करा’ आणि ‘डेटा पुसा’ ही बहुधा दोन वेगळी बटणं असतात. सेल्फीत मागे दुसरं कुणी, घराचा नंबर, कागदपत्रं दिसत असतील तर आधी कापा. फोटोतली जागेची नोंदही काढा.

आडवाउभा
एवढं वाचल्यावर भिंतीसमोर उभं राहणंच सोपं वाटायला लागलंय.

पिक्सेलबुवा
मी पहिल्यापासून काय म्हणतोय!

लंबक
सगळ्यांचे आभार. म्हणजे क्रम असा धरतो: दीड मीटरवरून खिडकीपाशी फोटो, चष्म्यासकट. चेहरा मास्कबाहेर. आधी कोट, मग वेगळ्या फेरीत भिंत. एकच शंका, केसांचं काय? मोकळे, थोडे विस्कटलेले असतील तर पार्श्वभूमी बदलताना कडेला पांढरी झालर येते.

मोकळी_चौकट
झालर येते कारण मूळ भिंत फिकट आणि नवी गडद. बारीक केसांच्या फटींतून जुनी भिंतच दिसत राहते. नवी पार्श्वभूमी जुन्या भिंतीइतकीच उजळ निवडा, निम्मी झालर तिथेच जाते. उरलेल्यासाठी मास्कची कडा केसांच्या आत ५-६ पिक्सेल घ्या आणि त्या पट्टीवरच ०.४ च्या जोरानं एक फेरी मारा. सुटे केस थोडे वेगळे येतील, ते चालतं. कपाळावरच्या केसांच्या रेघेला मात्र मास्क लागू देऊ नका.

निवांत_कावळा
ज्यांची रेघ मागे सरकलीय त्यांनी?

मोकळी_चौकट
त्यांना मास्कसाठी जागा जास्त मिळते.